रा. रा. पोकळमुठे यांस अनावृत पत्र

प्रति,
रा. रा. सर्व्हायव्हल नाइफ ऊर्फ पोकळमुठे,
मुक्काम ऑनलाइन दुकान, बारमाही सवलत विभाग

यांस सा. न. वि. वि.

आपली जाहिरात वाचून ऊर भरून आला. हजार रुपयांच्या आत आपण चाकू आहात, करवत आहात, काच फोडणारे आहात आणि बाटली उघडणारेही आहात. मुठीच्या बुडाशी होकायंत्र. मुठीच्या पोटात काड्या, सुई-दोरा, मासे धरायचा गळ आणि शिशाचे दोन मणी. म्यानाच्या खिशात धार लावायचा बोटभर दगड. एवढी खाती मंत्रिमंडळातही एका माणसाकडे देत नाहीत. यादीत एकच गोष्ट सापडली नाही, ती म्हणजे लाकूड कापणे. तेव्हा वाटलं, नजरचुकीने राहिली असेल. आता कळतं की असलं हलकं काम आपण अंगाला लावूनच घेत नाही.

पत्रास कारण की, गेल्या पावसाळ्यात आमच्या भाच्याने आपल्याला सन्मानाने घरी आणलं. भोरकडच्या एका मित्राच्या शेतावर पोरापोरींचं शिबिर होतं. ओल्या हवेत चूल पेटवायची, ताडपत्रीचा आडोसा बांधायला खुंट्या तासायच्या, लाकडाचा चमचा कोरायचा, असा साधा कार्यक्रम. याला हल्ली बुशक्राफ्ट म्हणतात, आणि त्यासाठी लागतो न मिटणारा, एकसंध पात्याचा, खिशाला परवडणारा चाकू. भाचा आपल्याला कमरेला लावून अशा ऐटीत हिंडत होता की शेतावरच्या कुत्र्यानेही वाट सोडली.

छोट्या कामांनंतर पाळी आली सुबाभळीचं मनगटाएवढं वाळकं लाकूड उभं चिरायची. श्रावणात लाकूड बाहेरून भिजलेलं असलं तरी आत कोरडं सापडतं. ते बाहेर काढायचं तर ओंडक्याच्या माथ्यावर पातं ठेवून त्याच्या पाठीवर दांडक्याने टोले द्यायचे. बॅटनिंग म्हणतात ते हेच. तिसऱ्या टोल्याला आपण स्वेच्छानिवृत्ती घेतलीत. मूठ भाच्याच्या हातात राहिली आणि पातं उडून शेजारच्या मुलीच्या बुटापाशी मातीत रुतलं. तिने पाय मागे घेतला, आपल्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “काका, हा असाच वापरायचा असतो का?”

मग आम्ही आपलं शवविच्छेदन केलं. मूठ म्हणजे पातळ नळी. तिच्या तोंडाशी एक चकती. त्या चकतीतून आत आलेलं आपल्या पात्याचं शेपूट जेमतेम करंगळीच्या पेराएवढं, त्यावर चार आटे, एक नट आणि पांढुरका, ठिसूळ डिंक. रुंद पातं संपून हे बारकं शेपूट जिथे सुरू होत होतं तिथे काटकोनात कापलेली खाच होती आणि बरोबर तिथूनच आपण दुभंगलात. टोल्याचा सगळा ताण अशा कोपऱ्यावर एकवटतो, म्हणून तिथे गोलाई ठेवायची असते. ही गोष्ट आयटीआयच्या पोराला पहिल्या वर्षी शिकवतात. आपल्या जन्मदात्याचा तो तास बहुधा बुडाला असावा. बाकी नळीत हवा भरपूर होती. काड्या कोरड्या ठणठणीत होत्या, त्याबद्दल अभिनंदन.

विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं की सदर वस्तू शोभेची असून कठीण पृष्ठभागावर वापरू नये. म्हणजे खोक्यावर जंगलात जीव वाचवायची हमी आणि तक्रारीच्या उत्तरात रुखवतावर मांडायची सूचना. दोन्हींपैकी खरं काय ते आम्ही ओळखलं.

आपण मोठ्या घराण्यातले आहात, हे मात्र मान्य केलं पाहिजे. मूळ पुरुष १९८२ च्या ‘फर्स्ट ब्लड’ चित्रपटात सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या हाती दिसले. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातले नामांकित चाकू-कारागीर जिमी लाइल यांनी ते घडवले होते. १९८५ च्या दुसऱ्या भागातला चाकूही त्यांचाच आणि १९८८ च्या तिसऱ्या भागातला गिल हिबन यांचा. लाइल यांच्या चाकूची मूठ पोकळच होती, पण ती बसवणारा कारागीर पोकळ नव्हता. पातं आणि नळी एकजीव कशी करायची हे त्यांना ठाऊक होतं आणि त्या कामाचा दाम ते घेत. आपण त्या घराण्याकडून काय उचललंत? दाते, नळी आणि दरारा. कारागिरी तेवढी वाटेत कुठेतरी गहाळ झाली.

आता आपल्या एकेका गुणाचं कौतुक सवडीने करू.

पहिला मान पाठीवरच्या दात्यांचा. पाठीला दाते असलेले चाकू अमेरिकी हवाई दलाच्या वैमानिकांना देत असत. पाच इंची पातं, चामड्याच्या चकत्यांची मूठ. विमान कोसळलं तर त्याचा ॲल्युमिनियमचा पत्रा फाडून बाहेर पडता यावं म्हणून ते दाते. आमच्या शिबिरात विमान कोसळलं नाही, हा आमचाच दोष. लाकडाच्या करवतीचं म्हणाल तर तिचा एक दात डावीकडे आणि पुढचा उजवीकडे किंचित वाकवलेला असतो. त्यामुळे चीर पात्यापेक्षा रुंद पडते, भुसा बाहेर येतो आणि पातं अडकत नाही. आपले दाते एका रांगेत, कवायतीला उभे. जाड पाठीतून नुसते कोरून काढलेले. दोन-चार वेळा मागेपुढे केलं की आपण लाकडात रुतून बसता आणि बाहेर काढायला दोन माणसं लागतात.

बरं, ही शोभा फुकट मिळत नाही. चाकूची सपाट पाठ ही बुशक्राफ्टमधली निम्मी कामं करणारी जागा. बारीक कोरीवकाम करताना दुसऱ्या हाताचा अंगठा तिच्यावर ठेवून पातं पुढे ढकलायचं असतं. आपल्या पाठीवर अंगठा ठेवला की अंगठा सोलतो. लाकूड चिरताना दांडक्याचे टोले तिच्यावर द्यायचे असतात. आपले दाते दांडक्याचाच भुगा करतात. तिची कडा काटकोनी असेल तर फेरो रॉड नावाच्या कांडीवर खरवडून ठिणग्या पाडता येतात. धारेला त्रास द्यावा लागत नाही. आपण ही सगळी जागा त्या दात्यांना बहाल केली आहे.

दुसरा मान होकायंत्राचा. आत तेल, तेलात बुडबुडा, बुडबुड्याखाली सुई. वितभर अंतरावर पोलादाचं पातं असताना चुंबकाची सुई जागेवर राहील, हा आपला आशावाद लोभस आहे. पूर्व कुठली हे पाहायला अख्खा सह्याद्री उठून सूर्याकडे बघतो. आपल्याला विचारून भोरहून निघालेला माणूस कुठे उतरेल, हे आम्ही सांगत नाही.

तिसरा मान पोलादाचा. आपल्या खोक्यावर फक्त ‘स्टेनलेस स्टील’ असं लिहिलं आहे. ही माहिती चमच्यावरही असते. पोलाद धार धरतं ते त्यातल्या कर्बामुळे आणि त्याला दिलेल्या पाण्यामुळे, म्हणजे तापवून झटकन थंड करण्याच्या आणि मग पुन्हा बेताने तापवण्याच्या कसबामुळे. स्वस्त स्टेनलेस चाकूंना सर्रास वापरतात त्या थ्री-सीआर-१३ सारख्या पोलादात कर्ब ०.३ टक्क्यांच्या आसपास असतो. बारा-सी-२७ या स्वीडिश पोलादात तो सुमारे ०.६ टक्के आणि क्रोमियम १३.५ टक्के. चाकूच्या साध्या कार्बन स्टीलमध्ये कर्ब एक टक्क्यापर्यंत जातो, पण गंजापासून संरक्षण नाही. आकडे लहान दिसतात, फरक बांबूवर कळतो. आपल्याकडून वाळक्या बांबूची एक खुंटी तासून घेतली आणि धार उजेडात धरून पाहिली, तर जिथे काहीच चमकायला नको तिथे एक पांढरी रेघ चमकत होती. धार दुमडून आडवी झाली होती. म्यानातल्या त्या बोटभर दगडाने तिची समजूत काढायचा प्रयत्न केला. दगडच झिजला.

हे सगळं वाचून आपण म्हणाल, हजाराच्या आत आणखी काय मागता? स्वस्तात इतकंच मिळायचं. पोकळमुठे, आमचं आपल्याशी भांडण आहे ते नेमकं इथे. आपण स्वस्त आहात याचा आम्हांला राग नाही. त्या थोडक्या पैशांत आपण कशाकशाचा संसार मांडलात, याचा आहे.

एखादा चाकू कमी पैशांत बनवायचा तर त्या पैशांची वाटणी करावी लागते. होकायंत्राला चार आणे गेले, गळाला दोन आणे, दाते कोरायला आठ आणे, काळा रंग लावायला आणखी काही. जे उरलं त्यात पातं. महाग चाकूला ही चैन परवडते. स्वस्त चाकूला नाही. त्याच्याकडे थोडेच पैसे असतात आणि ते एकाच ठिकाणी खर्च व्हायला हवेत, धारेवर. म्हणून स्वस्त चाकू निवडताना तो काय काय करतो हे विचारायचं नसतं. काय काय करत नाही, हे विचारायचं असतं.

ही अक्कल नवी नाही. जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स नावाचे एक अमेरिकी गृहस्थ नेसमुक या टोपणनावाने लिहीत. त्यांचं ‘वुडक्राफ्ट’ हे पुस्तक १८८४ सालचं. त्यात त्यांनी त्या काळी दुकानांत मिळणाऱ्या जाडजूड, खुनशी दिसणाऱ्या शिकारी चाकूंची यथेच्छ रेवडी उडवली आहे. स्वतः ते बाळगत एक छोटी दुधारी कुऱ्हाड, एक पातळ पात्याचा साधा म्यानाचा चाकू आणि एक खिशातला मिटणारा चाकू. पुढे १९०६ मध्ये होरेस केफर्ट या ग्रंथपालाने रानातल्या मुक्कामावर जाडजूड पुस्तक लिहिलं, त्याचाही कौल साध्या, छोट्या चाकूलाच. म्हणजे आपल्या पूर्वजांची टिंगल सव्वाशे-दीडशे वर्षं चालू आहे आणि तरीही आपला वंश वाढतोच आहे. चिवटपणाच्या बाबतीत आपण सर्व्हायव्हल हे नाव सार्थ केलंत, एवढं कबूल.

आता आपल्या एका थोरल्या, गरीब नातेवाइकाची ओळख करून देतो. स्वीडनमध्ये दालार्ना प्रांतात मोरा नावाचं गाव आहे. तिथे ओस्टनोर भागात १८९१ पासून कारखान्यात चाकू बनतात. तिथल्या दोन जुन्या कारखान्यांचं २००५ मध्ये एकत्रीकरण झालं आणि आज ते चाकू मोराक्निव्ह या नावाने विकले जातात. त्यांचा कम्पॅनियन हा चाकू बघाल तर आपल्याला त्याची दया येईल. प्लॅस्टिकची हिरवी किंवा लाल मूठ, प्लॅस्टिकचं म्यान. सुमारे १०४ मिलिमीटरचं, म्हणजे चार इंचांचं पातं, जाडी अडीच मिलिमीटर. दाते नाहीत, होकायंत्र नाही, पोटात गळ नाही. गवंडी, सुतार, मच्छीमार, बागेत काम करणारे लोक असलेच चाकू वापरत आले. मॉर्स कोहान्स्की या कॅनडातल्या बुशक्राफ्टच्या गुरूंनीही उत्तरेकडच्या थंड जंगलांतली विद्या शिकवताना याच साध्या चाकूंची भलामण केली. युरोप-अमेरिकेत कम्पॅनियन स्वस्तातच मिळतो. आपल्याकडे येईपर्यंत वाहतूक आणि जकात मिळून भाव चढतो, तरी आपले दोन अवतार मोडले की त्यातलं अंतर भरून निघतं.

त्याचं शेपूटही मुठीच्या शेवटापर्यंत जात नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर आपण आनंदाने उडी माराल. पण ते मुठीत बरंच खोल जातं आणि त्याच्याभोवती प्लॅस्टिक ओतून मूठ घडवलेली असते. मध्ये हवा नाही, नट नाही, डिंक नाही. मनगटापेक्षा बारीक लाकूड समजुतीने चिरायला तेवढं पुरतं. ज्याला जास्त आडदांडपणा करायचा आहे त्याने ३.२ मिलिमीटर जाडीचा हेवी ड्यूटी प्रकार घ्यावा, नाहीतर शेपूट मुठीच्या टोकापर्यंत आरपार गेलेला चाकू शोधावा. पैसे जास्त पडतील, पण ते पोलादाचे पडतील.

त्या दिवशी शिबिरात मोराचा चाकू ज्या मुलीकडे होता, तिच्याच बुटापाशी आपण जाऊन पडला होतात. तिने सुबाभळीच्या आतली एक कोरडी चिरफळी घेतली, एक टोक ओंडक्यावर टेकवलं, कोपर सरळ ठेवलं आणि पातं लाकडावर जवळजवळ आडवं धरून सावकाश खाली नेलं. कागदाइतकी पातळ साल निघाली, गोल वळली आणि चिरफळीलाच चिकटून राहिली. मग चिरफळी किंचित फिरवून तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी. प्रत्येक वेळी शेवटाला पातं थांबवायचं, साल तोडायची नाही. खालच्या टोकाला कुरळ्या सालींचा झुबका तयार झाला. यालाच फेदर स्टिक म्हणतात. भर पावसात चूल पेटते ती या झुबक्यामुळे. ठिणगी पडली, साली चुरचुरल्या आणि चहाचं आधण ठेवलं गेलं. आपल्याला हेच काम सांगितलं होतं तेव्हा आपण साल काढण्याऐवजी चिरफळीचे ढलपे उडवले होते. कारण उघड आहे. आपल्या पात्याचा उतार जाड आणि बोथट. तो कापत नाही, उपटतो.

मोराच्या पात्याला दोन्ही बाजूंनी एकेक रुंद, सपाट उतार असतो आणि तो थेट धारेपर्यंत जातो. त्याला स्कँडी ग्राइंड म्हणतात. धार लावताना हा उतार दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप बरोबर बसतो. नवशिक्या पोरांनाही तासाभरात जमतं. यातही खोड आहे. पातळ चकत्या करायला हा उतार नाठाळ. कांदा चिरण्याऐवजी फोडतो, टोमॅटोवर तर राग काढतो. शिवाय साध्या मोराची पाठ काटकोनी नसते, त्यामुळे फेरो रॉडवर ठिणग्या पाडायच्या तर ती कानसेने थोडी घासून घ्यावी लागते. कार्बन स्टीलचा प्रकार घेतला तर धार पटकन लागते, पण कोकणातल्या दमट हवेत रात्रीतून तांबेरतो. पुसून तेलाचं बोट फिरवायचा आळस असेल त्याने मुकाट स्टेनलेस घ्यावा. बघा, आम्ही त्याचे दोष लपवत नाही. आपले दोष लपवायला मात्र एक अख्खा काळा रंग लागला.

परदेशी मालाचं कौतुक सांगतो म्हणून आपण आम्हांला नावं ठेवाल. तर घरचं सांगतो. कोकणात कमरेच्या आकडीला कोयती अडकवून रानात जाणाऱ्या माणसाला बुशक्राफ्ट हा शब्द ठाऊक नसतो. तो कवळ तोडतो, बांबू चिरतो, नारळ सोलतो, वाटेतली काटेरी फांदी दूर करतो. त्याची कोयती पुष्कळदा गावच्या लोहाराने किंवा दारावर आलेल्या घिसाड्याने ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून घडवलेली असते. त्या पाट्याच्या पोलादाने वर्षानुवर्षं खड्ड्यांचे धक्के खाल्लेले असतात. दांडक्याचे टोले त्याला नवे नाहीत. शेपूट थेट लाकडी मुठीत ठोकलेलं. धार गेली तर तोच लोहार शेवटून देतो. त्या माणसाने आपल्या बुडाच्या होकायंत्रातला बुडबुडा पाहिला तर तो हसणार नाही. काहीतरी दुखणं आहे असं समजून बाजूला ठेवेल.

नेसमुकने कुऱ्हाड आणि चाकू यांची जी वाटणी केली होती, तीच इथेही आहे. जाड काम जड हत्याराला, बारीक काम पातळ पात्याला. ज्याला सुरुवात करायची आहे त्याने एक छोटी कोयती आणि भाजीची चांगली पातळ सुरी एवढं घेतलं तरी पुष्कळ दिवस निघतील. अमेरिकेतही हीच रीत होती. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रीनफील्डला जॉन रसेल यांनी १८३४ मध्ये सुरू केलेल्या कारखान्याचे ग्रीन रिव्हर चाकू रॉकी पर्वतातले फासेपारधी वापरत, आणि ते चाकू म्हणजे बहुतांशी खाटकाच्या आणि स्वयंपाकघराच्या सुऱ्याच होत्या. एका अंगात करवत, कुऱ्हाड आणि चाकू कोंबायची कल्पना त्यांना सुचली नाही. त्यांना रोज काम असे.

आता जरा कायद्याचं. आपल्या भावकीत पंधरा-पंधरा इंची मंडळी आहेत, म्हणून सांगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योगासाठी बनवलेल्या हत्यारांना त्यातून वगळलं आहे, आणि केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या भागांत अशा शस्त्रांना परवाना लागतो. कोयतीला शेतीचं काम दाखवता येतं. आपण नाक्यावर हवालदाराला काय दाखवणार, बाटली उघडून?

त्याहून महत्त्वाचं म्हणजे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्याच्या ३१ व्या कलमाप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात कोणतंही शस्त्र नेता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकू नावानिशी आहेत. हरिश्चंद्रगड आणि रतनगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात, भीमाशंकरचं रान हेही अभयारण्य. तिथे आपल्याला कमरेला लावून फोटो काढणारी मंडळी दर शनिवारी भेटतात. फोटोत ते जंगलाचे राजे दिसतात, कायद्याच्या पुस्तकात दुसरंच काही. हा नियम मोराच्या चाकूलाही तसाच लागू आहे. म्हणून बुशक्राफ्टची जागा म्हणजे स्वतःचं किंवा परवानगी दिलेल्या मित्राचं शेत, वाळकं पडलेलं लाकूड आणि विझवून, पाणी ओतून, हात लावून पाहिलेली चूल. उभ्या झाडावर धार आजमावणाऱ्याच्या हातात कुठलाच चाकू शोभत नाही.

भाच्याला नवा चाकू घ्यायला आम्ही बाजारात गेलो तेव्हा त्याला विचारायचे प्रश्न शिकवून ठेवले होते. पोलादाचं नाव काय? ‘सर्जिकल’, ‘मिलिटरी’ असली विशेषणं हे उत्तर नव्हे. शेपूट मुठीत कुठपर्यंत जातं? दुकानदाराला माहीत नसेल तर चाकू खाली ठेवायचा. पातं तळहाताच्या रुंदीइतकं, साधारण चार इंच, आणि जाडी अडीच ते सव्वातीन मिलिमीटरच्या आत आहे का? पाठ सपाट आहे का? ओल्या हाताने मूठ घट्ट धरली तर बोटांना कुठे टोचतं का? बोटांसाठी कोरलेल्या खाचा दिसायला छान, पण त्या कुणाच्या तरी दुसऱ्याच बोटांच्या मापाने कोरलेल्या असतात. म्यान उलटं धरून हलवलं तर चाकू पडतो का? आपल्या नायलॉनच्या म्यानातून आपलं टोक बाहेर डोकावत होतं, म्हणून हा प्रश्न मुद्दाम. आणि शेवटचं, पैशातले दीडदोनशे रुपये बाजूला ठेवून एका अंगाने भरड, दुसऱ्या अंगाने बारीक असा धार लावायचा दगड घ्यायचा. बोथट झालेला महाग चाकू आणि बोथट झालेला स्वस्त चाकू एकाच भावाचे असतात.

भाच्याने हे सगळे प्रश्न विचारले. दोन दुकानांतून त्याला ‘घ्यायचा नसेल तर हात लावू नका’ असं ऐकावं लागलं. तिसऱ्या दुकानदाराने गल्ल्यामागून एक साध्या मुठीचा चाकू काढला आणि म्हणाला, “हा बघा, दिसायला काही नाही.” तोच घेतला.

तरी पोकळमुठे, आमची आपल्याकडे एवढीच विनंती आहे. खोक्यावर सोळा कामांची चित्रं छापता, त्यांतलं एक कमी करा आणि त्या जागी पोलादाचं नाव आणि शेपटाची लांबी मिलिमीटरमध्ये छापा. ‘शोभेची वस्तू’ हे आपलं खरं पद तक्रारीच्या उत्तरात सांगण्याऐवजी खोक्यावरच, चित्रांच्या शेजारी, त्याच मापाच्या अक्षरांत येऊ द्या. मग आपल्याला कुणी विकत घेतलं तर आमची हरकत नाही. कपाटाच्या काचेमागे आपण फार देखणे दिसाल. तिथे आपल्यावर कुणी दांडकं उगारणार नाही आणि शेजारी कुणाचा पायही नसेल.

कळावे,
आपला नसलेला,
भाच्याचा मामा

ता. क. शिशाचे दोन मणी परत पाठवत आहे. ते कशासाठी होते, हे शिबिरातल्या कुणालाच सांगता आलं नाही; भोरच्या मासळीबाजारात विचारलं, तिथेही नाही.